दासीचा निरोप

३ फेब्रुवारी, सोमवार
अमरावती

आज दोन वह्या विकत आणल्या. एक तायडे सरांची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक जुनं शोकांत नाटक नेमलंय. ते वाचताना मनात जे येईल ते तारीख घालून लिहायचं, असा सरांचा हुकूम आहे. त्याला दहा गुण. पण मनातलं सरांना दाखवायचं म्हटलं की मनात काही येतच नाही. म्हणून ही दुसरी वही, ती कोणालाच दाखवायची नाही. तुबाला तर मुळीच नाही. तुबा माझ्या खोलीत राहते, अकोटची आहे, बी.कॉम.ला आहे, आणि दुसऱ्याच्या वहीत नाक खुपसणं हा ती आपला हक्क समजते.

पहिला अंक वाचला. एक किल्लेदार आहे. त्याच्या लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून त्याने तिला वेशीबाहेर काढलंय. आता दोघंही एकमेकांसाठी झुरतात, आणि ते एकमेकांना सोडून बाकी सगळ्यांना सांगत बसतात. किल्लेदार तर बुरुजावर उभा राहून सहा पानं एकटाच बोलतो. एवढं बोलता येत होतं तर चार पावलं वेशीपर्यंत चालायला काय झालं होतं?

सरांच्या वहीत लिहिलं, 'भाषा भारदस्त वाटली.'

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा आणि तिसरा अंक एका दमात वाचले आणि मग जेवण गेलं नाही. हे आमच्या घरचं नाटक आहे. किल्ला नाही, बुरूज नाही, हिवरखेडला तीन एकर भाजीचं वावर आहे, एवढाच काय तो फरक.

गीतांजलीताईने दीड वर्षापूर्वी कुंदनभाऊजींशी अकोल्यात लग्न केलं. त्यांची जात वेगळी, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बाबांना ही बातमी तेल्हाऱ्याच्या भाजीबाजारात कळली, वांग्याचं पोतं उतरवताना, तीही परक्या माणसाकडून. जातीचं त्यांनी कदाचित गिळलं असतं. पोत्याजवळ उभं राहून ऐकावं लागलं, ते गिळलं गेलं नाही. आठ दिवसांनी ताई घरी आली. अंगणात उभ्याउभ्या भांडण झालं, आणि निघताना ती म्हणाली, "जातो मी."

आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात, त्याचं काही नाही. पण घरातून निघताना 'जातो' कोणीच म्हणत नाही. शेजारी विरजण आणायला गेलं तरी 'येतो' म्हणावं लागतं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनी ताईचं नाव घेतलेलं नाही, आणि ताई हिवरखेडला फिरकलेली नाही.

मधे आहे मी. अमरावतीहून घरी जाताना अकोल्याला उतरते, ताईकडे जेवते, मग अकोटवरून हिवरखेड. येताना पुन्हा तेच. ताईचा निरोप बाबांना, बाबांचा ताईला. खरं सांगायचं तर दोघांपैकी कोणीच काही निरोप देत नाही. तो मीच तयार करते. आता कोणाला तरी करायलाच हवा ना.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी जाऊन आले. काल जाताना ताईकडे थांबले. ताईला सातवा महिना आहे, पाय सुजलेत, तरी स्वयंपाक करत होती. मी म्हटलं, "बाबा म्हणाले, स्वतःच्या प्रकृतीची काळजी घे." ताईने पोळी उलटायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "असं म्हनले बाबा?" मी म्हटलं, हो, अगदी असंच. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटतं तिला भरून आलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, "ताई म्हणत होती, आपली फार आठवण येते, आपला खोकला कसा आहे." बाबा मिरचीचे देठ काढत होते. म्हणाले, "अजून काय म्हने?" मी आणखी दोन वाक्यं केली. "अजून?" आणखी एक केलं. मग संपली माझी. बाबा म्हणाले, "बरं बोलते," आणि पुन्हा देठ काढायला लागले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही रीत आहे. ताई मागणार नाही, बाबा बोलावणार नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, पाहू. आई दीड वर्षापासून पाहूच म्हणतेय. तिला या सगळ्याचं काही वाटतं की नाही, मला शंका येते.

आज निघताना बाबांनी नेहमीप्रमाणे दोन पिशव्या दिल्या. "हे तुही. अन् हे तुह्या मेसवालीले." आमच्या मेसच्या पार्बताबाईंना बाबांनी कधी पाहिलेलं नाही, तरी मी अमरावतीला आल्यापासून त्यांच्या नावाची पिशवी येते. पूर्वी वांगी असायची, आता काही महिने सगळं आंबटच असतं. आज अंबाडी, बोरं आणि चिंचेचा गोळा. चाळीस पोरींच्या मेसला मूठभर बोरं काय पुरणार, हे बाबांना कोण सांगणार? मी ती पिशवी दर वेळी ताईकडेच ठेवते. बाबांना फसवल्यासारखं वाटतं, पण ताई बोरं इतकी आवडीने खाते की वाईट वाटणं टिकत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौथा अंक. आज माझं माणूस सापडलं.

तिला नाव नाही. पात्रांच्या यादीत 'दासी पहिली' एवढंच. साऱ्या नाटकात तिची चौदा वाक्यं आहेत, मी मोजली. बापलेकीचं झुरणं तिला पाहवत नाही. ती किल्ल्यातून लपत लेकीकडे जाते आणि सांगते, 'तातांनी आपणांस पाचारिले आहे, वेस आपणांसाठी उघडी आहे.' किल्लेदाराने असं काहीच म्हटलेलं नसतं. पण लेक आनंदाने उठते आणि पडदा पडतो.

मी पुस्तक छातीवर ठेवून थोडा वेळ पडून राहिले. सगळी मोठी माणसं तीन अंक नुसती बोलत होती, आणि काम केलं ते बिननावाच्या बाईने. मग मी उठले आणि ताईला फोन लावला.

म्हटलं, "ताई, बाबांनी तुला बाळंतपणाला बोलावलंय. म्हणाले, माहेरचं दार तुझ्यासाठी सदैव उघडं आहे. रविवारी ये."

ताई म्हणाली, "बाबा म्हनले?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, पाहतो.

फोन ठेवला. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. बाबांना शनिवारी जाऊन सांगेन. एकदा ताई दारात उभी राहिली की ते काय तिला परत पाठवणार आहेत?

सरांच्या वहीत लिहिलं, 'चौथा अंक आशादायी आहे.'

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाचवा अंक आज वर्गात झाला. सरांनी स्वतः वाचला.

लेक वेशीपाशी येते. वेस बंद. किल्लेदाराला कोणी काही सांगितलेलंच नसतं. त्याला वाटतं शत्रूची चाल आहे, तो वेस उघडू नका म्हणतो. लेक बाहेर बसून राहते. तिला वाटतं, मला बोलावून बापाने माझा अपमान केला. ती तिथेच संपते. सकाळी वेस उघडते तेव्हा किल्लेदाराला ती दिसते. दासी पहिलीचं पुढे काय झालं ते नाटककाराने लिहिलेलं नाही.

सर फळ्यावर प्रश्न लिहीत होते, 'या शोकांतिकेस जबाबदार कोण?' वर्ग ओरडला, किल्लेदार. कोणी म्हणालं नियती. सरांनी मला उभं केलं. मी म्हटलं, दासी. सगळे हसले. सर म्हणाले, ती तर गौण पात्र आहे, हर्षा. मी खाली बसले.

खोलीवर येऊन तुबाला सगळं सांगितलं, न सांगून करते काय. ती नेलपॉलिश लावत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पूरी किताब पढके फोन करना था ना."

सगळ्या विद्यापीठाला ही अक्कल नसेल. मी रडायला लागले तेव्हा तिने एका हाताने मला जवळ घेतलं, दुसऱ्या हाताची नखं ओली होती. म्हणाली, उद्या ताईला फोन करून खरं सांग, नाहीतर परवा घरी जाऊन बाबांना सांग. दोन्हींपैकी एक तरी कर, पण रविवार उजाडू देऊ नकोस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला फोन केला. खरं सांगायचं ठरवूनच केला होता. तिनेच आधी विचारलं, बाबा नेमकं काय म्हणाले ते शब्दानशब्द सांग. आणि माझ्या तोंडातून पुन्हा तेच बाहेर पडलं, सदैव उघडं आहे वगैरे. ताई म्हणाली, "बरं." बाकी काही नाही.

बिचारी विश्वास ठेवून बसली आहे. आता बॅग भरत असेल. पोटुशी बाई एस.टी.चे धक्के खात येणार, आणि अंगणात बाबा पाठ फिरवणार. मी भित्री आहे, हे आज कळलं. दासी पहिली तरी लपतछपत स्वतः गेली होती, मी फोनवर थापा मारल्या.

उद्या पहिल्या गाडीने घरी. मधे अकोल्याला उतरायचंसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
हिवरखेड

अकराला पोचले. आईने सगळ्या गोधड्या धुऊन कुंपणावर टाकल्या होत्या, मधली खोली सारवून ओली होती. बाबा अंगणात जुनी बाज उलटी करून बसले होते. सगळी दोरी काढून नवी भरत होते. आता या दिवसांत कोण पाहुणे येणार आहेत, असं मनात आलं, पण विचारायचं सुचलं नाही. मला बघून बाबा म्हणाले, "बरी आली. धर हे टोक. ढिलं सोडजो नको."

मी दोरी धरली. बाबा खाली बघून दोरी ओढत होते, माझ्याकडे पाहत नव्हते, म्हणूनच बोलता आलं. सगळं सांगितलं. नाटक, दासी, मंगळवारचा फोन. मग दीड वर्षाचंही सांगितलं, की ताईने एकही निरोप दिलेला नव्हता, सगळे माझेच. उद्या ती येईल, मला काय शिक्षा करायची ती करा पण तिच्याकडे पाठ करू नका. हे म्हणताना दोरी ढिली पडली असावी, कारण बाबा म्हणाले, "ताण."

मी ताणली. त्यांनी एक पूर्ण फेरा घातला, गाठ दाबली. मग म्हणाले, "मले मालूम हाये."

काय मालूम आहे, असं मी विचारलं.

"सारंच. गीता जल्मात कधी 'आपली आठवन येते' म्हनन का? ते म्हनन, 'खोकला गेला का बाबाचा, का अजून बिड्या पेऊन राहिले.' तू आनलेल्या निरोपात तुही ताई पुस्तकावानी बोले."

इतके दिवस मी रचलेलं एकेक वाक्य आठवलं आणि कान तापले. मराठीची विद्यार्थिनी म्हणून मी त्यांना चांगली भाषा दिली होती! विचारलं, मग बोलला का नाहीत? दर वेळी 'अजून काय म्हने' म्हणून का विचारत होता?

बाबांनी पुन्हा दोरी हातात घेतली. "आयकाले बरं वाटे."

तेवढ्यात आई ओले हात पुसत आली आणि उरलेलं तिने सांगितलं. ताई आणि आई रोज दुपारी फोनवर बोलतात, बाबा वावरात गेले की. रोज! आणि मी तिला काही वाटत नाही असं लिहून ठेवलंय. बाबांनाही हे ठाऊक आहे, तेवढ्यासाठीच ते भर उन्हात वावरात जातात. बुधवारी ताईने आईला विचारलं, बाबांनी खरंच बोलावलं का, मला तर हे शब्द हर्षीचे वाटतात. आणि काल माझा फोन झाल्यावर पुन्हा सांगितलं, हे बाबांचं बोलणं नाही, त्यांचा स्वतःचा एक शब्द आला तर येतो, नाहीतर अकोल्यातच बरी आहे.

"मी बुधवारीच म्हनलं, घ्या, फोनवर बोला तिच्यासंग," आई म्हणाली. "तर हे उठले अन् अकोटले दोरी आनाले गेले."

म्हणजे ताई येणार नाही. इकडे बाज भरून होत आली आणि ती येणारच नाही. बंद वेशीची भीती गेली तर ही नवी उभी राहिली. मी म्हटलं, बाबा, आता तरी फोन करा. ते म्हणाले, फोनवर त्यांना बोलता येत नाही. यात खोटं काही नाही, फोनवर बाबा फक्त भाव विचारतात.

बाज सरळ झाली. बाबा तिच्यावर बसले, हलून पाहिलं. मग मला म्हणाले, "उद्या तूच जाय अकोल्याले. मी सांगतो ते जसंच्या तसं सांगजो. तुह्यं काही घालजो नको."

आणि सांगितलं. मी लिहून घेऊ का म्हटलं, तर म्हणाले, एवढं काय त्यात लिहिण्यासारखं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नऊला ताईच्या घरी. बॅग भरलेली नव्हती. ताई मेथी निवडत बसली होती, भाऊजी चहा करत होते. ताईने वर न बघता विचारलं, "आता काय आनलं?"

मी उभ्यानेच सांगितलं. वाटेत सबंध एस.टी.त घोकत आले होते, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

"बाबा म्हनले, बाज भरून झाली. आता कचकच करत नाई. अंबाडी निबर होऊन राहिली, आठ रोजानं खाची राहत नाई. येजो. अन् जवायाले म्हनजो, जेवल्याबिगर जाऊ नको."

लहानपणी ताई त्या बाजेवर झोपायची आणि कचकच वाजते म्हणून रोज बाबांशी भांडायची. ते मी विसरले होते. बाबा विसरले नव्हते.

ताई हसायला लागली. हसता हसता मेथीच्या जुडीत तोंड घालून रडायला लागली. भाऊजी चहाचं भांडं हातात धरून दारात उभे राहिले. "मले जवाई म्हनले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जसंच्या तसं सांगितलंय. ताई डोळे पुसत म्हणाली, "हे बाबाच वं. हर्षीले हे सात जल्मात सुचलं नसतं."

अपमान होता, पण मला इतका गोड कधी लागला नाही.

चारला हिवरखेडला पोचलो. पाचव्या अंकात वेस बंद असते. आमचं फाटक उघडंच होतं, कारण त्याची कडी पावसाळ्यापासून तुटलेली आहे. बाबा अंगणात उभे होते. धुतलेली टोपी घातली होती आणि हातात उगाचच एक टोपलं धरलं होतं. ताई सावकाश चालत आत आली, दीड वर्षापूर्वी जिथे उभी होती तिथेच थांबली. मला वाटलं आता मीच काहीतरी रचून बोलते की काय. ओठ दाबून धरले.

ताई म्हणाली, "बाबा, तवा 'येतो' म्हनाचं राहून गेलतं."

बाबांनी टोपलं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "आली न आता," ते म्हणाले. "हातपाय धू. भाजी निवून राहिली."

भाऊजी जेवले. बाबांनी त्यांना दोनदा अंबाडी वाढली आणि एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण निघताना फाटकापर्यंत गेले, आणि भाऊजी 'येतो' म्हणाले तेव्हा 'हो' म्हणाले. मी ओसरीत बसून ऐकत होते. मला फार, फार बरं वाटलं. दुसरा शब्द नाही.

३ मार्च, सोमवार
एस.टी.त, मग खोलीवर

शनिवारी तायडे सरांनी वह्या परत दिल्या, माझी गाडीत बसून वाचली. प्रश्नाचं उत्तर मी असं लिहिलं होतं: 'दासीने खोटं सांगितलं ही तिची चूक नव्हे. तिने ते किल्लेदाराच्या शब्दांत सांगितलं नाही, ही चूक. आणि सांगून आल्यावर ती किल्लेदाराकडे गेली नाही, ही त्याहून मोठी. किल्लेदाराने तिला एकदा जरी दोरीचं टोक धरायला बोलावलं असतं, तर पाचवा अंक झाला नसता.' सरांनी दोरीखाली लाल रेघ मारून विचारलंय, 'कोणती दोरी? संहितेत आढळत नाही.' तरी दहापैकी आठ दिलेत. तुबा म्हणते दोन गुण दोरीचे गेले.

ताई मजेत आहे. बाजेवर पाय वर करून बसते आणि बाबांच्या बिड्या मोजते. दोघांचं दिवसातून तीनदा भांडण होतं. निरोपाचं काम राहिलेलं नाही, घरी गेलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आज पहाटे निघताना बाबांनी पिशवी दिली. एकच. मी सवयीने हात पुढे करून उभी राहिले. ते बघतच राहिले, मग मी म्हटलं, "अन् मेसवालीची?"

बाबांनी ताईच्या खोलीकडे पाहिलं. ती अजून झोपली होती.

"मेसवालीले काय करा लागते अंबाडी," ते म्हणाले.

मी गाडीत बसले. गाडी अकोटच्या पुढे गेली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, आणि मी सबंध एस.टी.त एकटीच हसत सुटले.